गैरहजरांचे वकील

संगणकाची भाषा शिकवणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण त्या भाषेशी भाऊबंदकी असल्यासारखा भांडणारा माणूस एकच पाहिला, तो म्हणजे आमचे शितप सर.

सर मूळचे लांज्याकडच्या एका वाडीतले. वाडीत पंचवीस घरं आणि पंचवीसही शितप. त्यामुळे गावात त्यांना आडनावाने हाक मारायची सोय नव्हती आणि कॉलेजात त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. बुटकी मूर्ती, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, मागे कॉलरला अडकवलेली छत्री. ही छत्री मे महिन्यातही तिथेच असायची. 'सर, पाऊस कुठे आहे?' असं विचारलं तर म्हणायचे, "पाऊस काय तुला विचारून येतो गो?" खिशाला दोन पेनं, त्यातलं लाल पेन भर वर्गात नेमकं लिहायचं नाही. मग सर ते दोन्ही तळहातांत धरून रवीसारखं घुसळायचे आणि तेवढ्यात वर्गाला दोन मिनिटं उसंत मिळायची. आम्हाला दाट संशय होता की ते पेन मागच्या बाकावरच्या मुलांनी फितवलेलं होतं.

सर सी शिकवायचे. सी म्हणजे संगणकाला कामं सांगायची एक जुनी भाषा. जुनी असली तरी आजही अर्ध्या जगाची यंत्रं तिच्यावर चालतात. ती कशी लिहायची आणि लिहिलेल्याचा अर्थ काय धरायचा, याचा एक जाडजूड नियमग्रंथ असतो. जगभरची तज्ज्ञ मंडळी एकत्र बसून दर काही वर्षांनी तो सुधारतात. हा ग्रंथ कुणी वाचत नाही. शिकवणारे वाचत नाहीत, पुस्तकं लिहिणारे तर अजिबात वाचत नाहीत. शितप सर तो रोज सकाळी आंघोळीनंतर वाचायचे, आणि तोही मोठ्याने. त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सांगायच्या, "लग्न झालं तेव्हा मला वाटलं, माणूस धार्मिक हाय. दोन महिन्यांनी कळलं, पोथी इंग्रजीत हाय."

ग्रंथाचा मसुदा त्यांनी कागदाच्या एकाच बाजूला छापून घेतला होता. कोऱ्या बाजूवर काकू वाणसामानाची यादी करत. वर्गात सर कधी पान उलटून बघायचे आणि गंभीर चेहऱ्याने म्हणायचे, "या कलमानुसार अर्धा किलो पोहे."

वर्गात त्यांचा पहिला तास 'मेन'चा. प्रोग्रामचा जो मुख्य भाग असतो, त्याने काम झाल्यावर 'ठीक झालं' असं सांगणारा एक आकडा परत द्यायचा असतो. आमच्याकडच्या गाइडांत मात्र वर्षानुवर्षं काहीच परत न देणारा 'मेन' छापत आले होते, आणि आम्ही तो इमानेइतबारे पाठ करून आलो होतो. सरांनी राजापूरच्या एका मुलीला उभं केलं.

"काल घरून निघालीस. होस्टेलला पोचल्यावर काय केलंस?"

"आईला फोन केला, सर."

"काय बोललीस?"

"पोचले म्हणून."

"मग ह्या तुझ्या प्रोग्रामला आईबाप नाय काय?"

ती मुलगी आज बंगळुरात मोठ्या हुद्द्यावर आहे. अजून घरी पोचली की आईला फोन करते, हे तिनेच मला सांगितलं.

मीही त्याच वर्गातली, आणि सरांवर माझा पहिला राग तिथलाच. चाचणी परीक्षेत एक प्रसिद्ध प्रश्न असायचा. एक संख्या घ्यायची, एकाच ओळीत ती दोन ठिकाणी दोनदा वाढवायची, बेरीज करायची आणि उत्तर विचारायचं. सगळ्या गाइडांत उत्तर होतं बारा. लॅबमधला निळ्या पडद्याचा म्हातारा कंपायलरही, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राला समजेल असं करून देणारा प्रोग्राम, बाराच सांगायचा. नियमग्रंथ मात्र म्हणतो की असं लिहाल तर आमची जबाबदारी नाही, काहीही होऊ शकतं. प्रश्न सरांच्या सहकाऱ्याने काढला होता, पेपर तपासायला सरांकडे आले. मी ऐटीत 'बारा' लिहिलं होतं. मला शून्य मिळालं. सगळ्या वर्गाला शून्य मिळालं. पूर्ण गुण एकटीला, मागच्या बाकावरच्या एका मुलीला. तिला ताप होता म्हणून तिने तो प्रश्न सोडून दिला होता.

प्राचार्यांनी सरांना बोलावून घेतलं. आम्ही दाराबाहेर कान लावून उभे.

"शितप, कोऱ्या जागेला गुण दिलेत तुम्ही?"

"साहेब, पूर्ण गठ्ठ्यात तेवढीच जागा बरोबर हाय."

"अहो, पण मशीन बारा सांगतंय ना?"

"आज सांगतंय. त्याच्या मनात असेल तर उद्या तुमचा पगारही बारा सांगेल."

यावर प्राचार्य काय बोलले ते ऐकू आलं नाही. पण तो प्रश्न पुढच्या वर्षापासून पेपरात दिसला नाही. माझं शून्य मात्र तसंच राहिलं आणि आजही मला त्याचा राग येतो.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले. सरांच्या शेजारचं टेबल मला मिळालं. शिष्या होते तोवर गप्प बसत होते, आता पगार मिळत असल्यामुळे वाद घालू लागले. सरांना ते फार आवडायचं. कुणी वाद घातला नाही तर ते स्वतःच दोन्ही बाजूंनी बोलायचे.

त्यांच्या या वादपटुत्वाचं मूळ मला एका शिमग्यात सापडलं. सर आम्हा तिघाचौघांना पालखी बघायला वाडीवर घेऊन गेले होते. देवळाच्या अंगणात गावकी, म्हणजे घरोघरच्या माणसांची बैठक, बसली होती. विषय असा की पालखी कातळावरच्या जुन्या पाखाडीने, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेने, जाते, पाखाडी निसरडी, खांदेकरी घसरतात. आता खालून डांबरी रस्ता झालाय, तर पालखी तिकडून न्यावी. सगळ्यांच्या माना डोलल्या. नारळ ठेवायचा तेवढा बाकी होता. इतक्यात सर उठले.

"बाळाला विचारलंत?"

बाळा शितप म्हणजे मुंबईला असलेला एक चाकरमानी. घराला कुलूप, यंदा रजा मिळाली नाही म्हणून आला नव्हता. त्याचं घर जुन्या पाखाडीवर, नव्या रस्त्याने गेलं तर पालखी त्याच्या दारावरून जाणार नव्हती. चोवीस घरांनी कपाळाला हात लावला. सरांनी अंगणातूनच फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. पलीकडून बाळा म्हणाला, "मी नाय तर नाय, पण देव माझ्या बंद दारात थांबतो म्हणून मी तिकडं जीव लावून बसतो. तोच जाणार नसेल तर बोला तसं." पालखी जुन्याच वाटेने गेली. दोघं घसरले. एक म्हातारा माझ्याकडे बघून म्हणाला, "शिकवला ना आमी ह्याला, आता भोगतो."

ही गावकीची रीत सर सगळीकडे लावायचे. स्टाफरूममध्ये चहाची वेळ बदलायची ठरली तर बाळंतपणाच्या रजेवर असलेल्या मॅडमना फोन. काकू म्हणायच्या, "आमच्याकडे कुठली भाजी करायची हे अमेरिकेतल्या पोराला विचारून ठरतं. तो जेवायला नसतोच."

तर असा हा माणूस सीच्या जागतिक समितीच्या वाटेला गेला. झालं असं की दिल्लीच्या एका राष्ट्रीय समितीला नियमग्रंथाचे मसुदे वाचून भारताचं मत कळवायला माणसं हवी होती. कॉलेजात परिपत्रक आलं. कुणी हात वर करेना, म्हणून प्राचार्यांनी सरांचं नाव लिहून दिलं. त्यांना वाटलं, पीडा गेली. सरांना वाटलं, जन्माचं सार्थक झालं.

जागतिक समितीच्या ऑनलाइन बैठका आपल्याकडच्या दिवेलागणीला सुरू व्हायच्या. सर कॉलेजच्या लॅबमध्ये बसून हजर राहायचे. मी शेजारी, नेट गेलं तर माझा फोन जोडायला. पहिल्याच बैठकीत कुणीतरी एक जुनी तरतूद काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. कारण असं की आता ती कुणीच वापरत नाही. सरांनी हात वर केला आणि सावकाश इंग्रजीत विचारलं, "जे इथे नाहीत, त्यांना विचारलंत का?"

पडद्यावरच्या वीस खिडक्यांत वीस चेहरे थबकले. अध्यक्ष असलेल्या बाईंनी नम्रपणे विचारलं की जे इथे नाहीत त्यांना विचारायचं कसं. सर म्हणाले, "तेच तर. म्हणून हळू जा."

त्यानंतर प्रत्येक बैठकीत हा प्रश्न व्हायचाच. जुनं लिहिलेलं मोडता कामा नये, ही त्या मंडळींचीही जुनीच काळजी. त्यामुळे कुणी हसण्यावारी नेलं नाही. पुढे एकदा सर आजारी असताना अध्यक्षबाईंनीच म्हणे विचारलं की आज तो प्रश्न कोण विचारणार. ही गोष्ट मला सरांनीच सांगितली, त्यामुळे तिच्यात मीठमसाला किती ते देव जाणे.

मग तो मोठा प्रस्ताव आला. सीमध्ये एक फार जुनी लिहिण्याची पद्धत होती. समजा, एखाद्या कामाला तीन वस्तू लागतात. जुन्या पद्धतीत तुम्ही दोनच दिल्यात तरी कंपायलर चकार शब्द काढत नसे. काम तसंच पुढे रेटलं जायचं आणि तिसरी वस्तू म्हणून तिथे आधीचं जे काही पडलेलं असेल ते उचललं जायचं. नव्या पद्धतीत कंपायलर तिथल्या तिथे टोकतो. नवी पद्धत येऊन जमाना झाला होता. आता जुनी ग्रंथातून कायमची काढायची असं चाललं होतं.

मी म्हटलं, "सर, सुटलो. काढा एकदाची."

सर म्हणाले, "बाय, मिरकरवाड्यात मजीदचा बर्फ कशावर बनतो?"

मजीदभाई सरांचे शाळेपासूनचे दोस्त. मिरकरवाड्याच्या बंदरावर त्यांची बर्फाची फॅक्टरी. ट्रॉलर समुद्रात जायच्या आधी तिथून बर्फ भरून घेतात. सरांनी ऐन उमेदीत त्या फॅक्टरीसाठी एक प्रोग्राम लिहिला होता. कॉम्प्रेसर कधी चालवायचा, कधी थांबवायचा, थांबल्यावर किती वेळाने पुन्हा सुरू करायचा, हे सगळं तो बघायचा. तो जुन्या पद्धतीत लिहिलेला. मधे तीन संगणक मेले, पण प्रोग्राम तोच. सरांनी आयुष्यात केलेल्या कामांपैकी त्यांना सर्वांत अभिमान कशाचा असेल तर त्याचा. पोराच्या अमेरिकेचाही नंबर त्यानंतर.

सरांच्या विरोधाने समिती अडणार नव्हती, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. पण भारताचं मत म्हणून एक फॉर्म जायचा होता. त्यात 'पाठिंबा' की 'विरोध' हे सरांनी भरायचं होतं, आणि खाली कारण. मुदत सोमवारची. सर म्हणाले, "विरोध तर लिहिणारच. पण गावकीत पुरावा लागतो. मजीदचा प्रोग्राम नवा कंपायलर कसा लाथाडतो, ते त्यांना दाखवतो."

शनिवारी आम्ही फॅक्टरीत गेलो. मजीदभाईंनी खुर्च्या पुसून दिल्या. सरांनी त्यांना रीतसर विचारलं, "मजीद, सीमधून जुनी पद्धत काढायची म्हणतात. तुझं काय म्हणणं?"

"सी म्हणजे?"

"तुझा बर्फ."

"बर्फ काढतात? कोण काढतंय त्याला माझ्याकडे पाठव."

सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बघ, जनमत स्पष्ट आहे.

कॉम्प्रेसरच्या खोलीत संगणक एका लाकडी खोक्यात होता. खोक्याला हळदकुंकू, वर झेंडूची माळ, पुढे नारळ. शेजारी लोबानची वाटी. मी विचारलं तर तिथला कामगार म्हणाला, "मधेच रुसतं. कॉम्प्रेसर बंद करून बसतं, चालूच करत नाय. मग नारळ दिला की तासा-दोन तासांनी आपसूक चालू होतं." नारळ कामगारांचे, लोबान मजीदभाईंचं. सर खो खो हसले. "विज्ञान शिकवून शिकवून माझे केस गेले, आणि माझ्याच मशीनला तुमी देव केलात!"

चहा पिताना मजीदभाई म्हणाले, "हे रुसणं पहिल्यापासूनचंच. तेव्हा मशीनवर रामा पाष्टे होता, आठवतो? तो हेच बोलायचा, मशीन आपलं आपण थांबतं म्हणून. बर्फाच्या लाद्या धरल्या नाहीत, ट्रॉलर खोळंबल्या, त्यांचे तांडेल माझ्या अंगावर आले. मग तूच लिहून दिलंस ना, यंत्रात दोष नाही म्हणून. रामाला घालवावा लागला."

"झोपला होता तो," सर म्हणाले. "भर दुपारी. तू स्वतः बघितलास."

"बघितला," मजीदभाई म्हणाले आणि विषय पापलेटच्या भावावर गेला.

प्रोग्राम पेन ड्राइव्हवर घेऊन आम्ही लॅबमध्ये आलो. मी माझ्या लॅपटॉपवर तो नव्या नियमांनी कंपायलरला दिला. चुकांचा पाऊस पडला. सरांना आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. "मोज, मोज! एक्केचाळीस! लिही, कारण म्हणून हेच लिही. चाललेला संसार मोडतात मेले!"

मला चेव आला. म्हटलं, "सर, यात काय आहे? अर्ध्या तासात मी सगळं नव्या पद्धतीत करून दाखवते." आणि बसले. सर शेजारी बसून माझी चेष्टा करत होते. चुका एक्केचाळिसाच्या तीस झाल्या, तिसाच्या दहा. शेवटी एक उरली. ती माझ्या लिहिण्यातली नव्हती. कंपायलर म्हणत होता की इथे तीन वस्तू लागतात आणि तुम्ही दोनच दिल्या आहेत.

सर वाकले. चष्मा काढला, पुसला, लावला. तिसरी वस्तू होती ती कॉम्प्रेसर थांबल्यावर किती वेळाने पुन्हा सुरू करायचा त्याचा आकडा. सरांकडून एका ठिकाणी तो द्यायचाच राहिला होता. त्या जागी जे काही पडलेलं असेल ते उचललं जात होतं. बहुतेकदा ते काहीतरी चालण्याजोगं असायचं, अधूनमधून भलतंच. तेव्हा यंत्र तास-दोन तास बंद पडून राहायचं. 'काहीही होऊ शकतं' म्हणून ज्या गोष्टीसाठी सरांनी अख्ख्या वर्गाला शून्य दिलं होतं, ती त्यांच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये पंचवीस वर्षं नारळ खात बसली होती.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा माझं शून्य आलं. अगदी ओठांवर आलं होतं. पण सरांचा चेहरा बघितला आणि मला माझीच लाज वाटली. ते पडद्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "रामा बोलत होता." मग, "मी बघायला गेलोसुद्धा नव्हतो गो त्या खोलीत. दाखला इथे बसून लिहिला."

रामा पाष्ट्यांचा पत्ता मजीदभाईंच्या कामगारांनी दिला. हेदवीला, गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची सरबताची टपरी होती. रविवारी सकाळी सर माझ्या स्कूटरवर मागे बसले, छत्री कॉलरला, मांडीवर कागदांची पिशवी. जयगडला फेरीबोटीवर गाडी चढवली. मला भीती वाटत होती. रामाने दोन शिव्या घातल्या, हात उगारला, तर मी काय करणार होते? आणि त्याने ओळखच दिली नाही, तर सर काय करणार होते?

टपरीत साठीचा एक काटकुळा माणूस कोकमाच्या आगळाच्या बाटल्या लावत होता. त्याने सरांना लगेच ओळखलं. "शितप सर ना? बसा." दोन ग्लास कोकम सरबत पुढे ठेवलं. सरांनी ग्लासाला हात लावला नाही. पिशवीतून प्रोग्रामचे कागद काढले, लाल खूण केलेली ओळ दाखवली, आणि वर्गात समजावतात तसं पहिल्यापासून शेवटपर्यंत समजावलं. शेवटी म्हणाले, "मशीन आपलं आपण थांबत होतं. तू खरं बोलत होतास. चूक माझी होती. मी तुझी भाकरी घालवली, रामा."

रामाने कागद हातात घेतला, उलटा करून बघितला. मागच्या कोऱ्या बाजूवर रातोरात काकूंची यादी आली होती. ती त्याने नीट वाचली.

"सर, एक सांगू? ज्या दुपारी मला घालवला ना, त्या दुपारी मी झोपलोच होतो."

सरांनी चष्मा काढला.

"त्याच्या आधी तीनदा मशीन थांबलं, तेव्हा टक्क जागा होतो. तीनदा सांगितलं. कोण ऐकेना. मी झोपलो होतो म्हणून बोलायला लागले. मग चौथ्यांदा थांबलं तेव्हा म्हटलं, बोलणी खायचीच हायत, तर झोपून खाऊया. काय झोप लागलेली! तेवढ्यात शेठ आले." आणि तो इतका मनापासून हसला की मलाही हसू फुटलं. सर हसले नाहीत. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांनी पुसलंही नाही.

मग त्यांनी फॉर्म काढला. "हे बघ. लिहायची ही जी जुनी रीत हाय, ती ठेवायची की काढायची, असं विचारतात. तुझं काय म्हणणं?"

"मला काय विचारता, सर? मी सातवी पास."

"तुलाच विचारायचं राहिलं होतं."

रामाने खरोखर विचार केला. फडक्याने फळी पुसत पुसत केला. "नव्या रितीत मशीन चालू व्हायच्या आधीच कोणतरी ओरडतं, असं तुमी बोललात ना? मग तीच बरी. चालू झाल्यावर आमी ओरडतो ते कोण ऐकतो?"

सरांनी पाठिंब्याच्या चौकोनात खूण केली. कारणाच्या जागी इंग्रजीत एकच वाक्य लिहिलं: पंचवीस वर्षांपूर्वी कंपायलरने मला टोकलं असतं, तर एका माणसावर मी खोटा आळ घेतला नसता. दुसऱ्या दिवशी ते तसंच दिल्लीला गेलं. मजीदभाईंना दिलेला जुना दाखला रद्द केल्याचं पत्रही त्याच दिवशी गेलं. त्यात सरांनी तारीखवार लिहिलं होतं की पहिल्या तीन वेळा दोष यंत्राचा, चौथ्या वेळी दोघांचा. चौथी वेळ गाळा म्हणून मी भांडले. ते म्हणाले, "रामाने खरं सांगितलं, ते मी खाऊ काय?"

जुनी पद्धत ग्रंथातून गेली. नवा ग्रंथ छापून आला तेव्हा सर नव्हते. त्या हेदवीच्या रविवारनंतर महिन्याभरात मी पुण्याला नोकरी धरली आणि पुढच्या पावसाळ्यात सर गेल्याचा काकूंचा फोन आला. म्हणून सर माझ्या डोळ्यांसमोर येतात ते त्या दुपारचेच.

फॉर्म पिशवीत गेला, सरबत पिऊन झालं. ऊन चढलं होतं. मी म्हटलं, निघायला हवं, परतीला तवसाळच्या धक्क्यावरून दोनची फेरीबोट आहे. सर उठेनात. बसल्या जागेवरून म्हणाले, "रामा, माझ्याकडून तुला काय हवं ते सांग."

रामाने आळस दिला. "काय नको, सर. रविवारची गर्दी असते, माझी दुपारची डुलकी बुडते तेवढी. तुमी बसताय काय इथे? गिऱ्हाईक आलं तर सरबत द्या. आगळ एक पळी, पाणी ग्लासभर, चिमूट मीठ, साखर विचारून." आणि टपरीमागच्या बाकड्यावर आडवा होऊन तो दोन मिनिटांत घोरायला लागला.

सर फळीमागे जाऊन उभे राहिले. छत्री कॉलरवरून काढून खाली ठेवली. मुंबईची गाडी थांबली, सातआठ जण उतरले, एकच गलका झाला. सरांनी ओठांवर बोट ठेवलं आणि दबक्या आवाजात म्हणाले, "हळू. माणूस झोपलाय." मग एकेकाला साखर किती ते विचारत सरबत करायला लागले. मी लांबूनच घड्याळ दाखवलं, त्यांनी मान हलवली. दोनची फेरी चुकली, तीनची चुकली. रामा पाष्टे चारला उठला, चूळ भरली आणि सरांना म्हणाला, "आता जावा."